शेवटचा फोटो

भंगाराच्या आवारातली ती जुनी बस पाहून फोटोग्राफर हरखूनच गेला. काय तो गंज, काय तो खिडकीतून आत शिरलेला वेल!

"परवा तोडणार हिला," भंगारवाला म्हणाला.

"आता उजेड गेलाय. उद्या सकाळी येऊन हिचा फोटो काढतो."

सकाळी येऊन पाहतो तर वेल उपटलेला, बस धुऊनपुसून पिवळीधमक रंगवलेली. फोटोग्राफरने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हे काय करून ठेवलंत!"

"असू द्या हो," हाताचा रंग पुसत भंगारवाला म्हणाला. "आमच्या वडिलांचा शेवटचा फोटो असाच घाईघाईत काढला. दाढीचे खुंट वाढलेले, अंगात फाटका बनियन. तेव्हापासून भिंतीवरून रोज माझ्याकडे डोळे वटारून बघतायत."