बासष्टावी तीट

“एकोणसाठ,” केतकी मोठ्याने म्हणाली आणि लांब काठीच्या टोकाचा काळा रंग सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाच्या पाठीवर टेकवून पुढे सरकली.

मिरजेहून लेकीकडे महिनाभर राहायला आलेली आई स्कॉटलंडच्या त्या गारठलेल्या किनाऱ्यावर दोन स्वेटर आणि कानटोपी घालून मागे चालत होती. “लेकरं अशी ओरडून मोजतात का गं? दृष्ट लागते.”

“आई, गेल्या वर्षी एकसष्ट होती. यंदा एक तरी वाढलं नाही, तर प्रकल्प बंद, आणि मी तुझ्याबरोबर मिरजेला.”

यात घाबरण्यासारखं काय, ते आईला कळलं नाही. “तीट मात्र लावतेस, ते बरं करतेस.”

“ती तीट नाही. एकच पिल्लू दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून खूण आहे.”

“तेच ते. बघणाऱ्याची नजर पुढे सरकावी म्हणूनच लावतात. फक्त पाठीवर नाही, गालावर.”

एकसष्टवर किनारा संपला. केतकी वाळूतच बसली. तेवढ्यात आई एका खडकामागे वाकली आणि म्हणाली, “हे बघ, याला लावायची राहिलीय.”

तिथे एक रोडकं पिल्लू डोळे मोठे करून बघत होतं. केतकीने काठी पाठीकडे नेली, जराशी थांबली आणि गालावर टेकवली.

वायरलेसवर साहेबाने आकडा विचारला. पीएच.डी. झालेल्या केतकीने आजूबाजूला पाहिलं.

“लिहून पाठवते,” ती हळूच म्हणाली, “मोठ्याने नको.”