दुप्पट गुळाचे अनारसे

पोराबाळांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

कुमुदच्या नणंदेची, हेमावन्संची, पाककृतींची वेबसाइट होती. कुमुदने हौसेने आपला ईमेल देऊन ती सबस्क्राइब केली, तर रोज सकाळी मेलमधून तिच्याच आईचे पदार्थ यायला लागले. वर ठसक्यात लिहिलेलं, 'माझी खास कृती'. आईचं नाव औषधालासुद्धा नाही. कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाळीच्या तोंडावर वन्संचा फोन आला. "अहो वहिनी, तुमच्या आई अनारसे कसे करायच्या हो? सहज विचारतेय हं!"

"सोप्पंय वन्सं. गूळ पिठाच्या दुप्पट. हात आखडू नका."

वन्संनी जन्मात अनारसा तळलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ती कृती गावोगावच्या बायकांच्या मेलमध्ये जाऊन पडली. मग काय! जिने जिने कढईत अनारसा सोडला, तिचा तिचा तो तुपात फसकन् विरघळला. इतकं तूप नासलं, की म्हशी रुसून गोठ्यात तोंड फिरवून बसल्या. चिडलेल्या बायकांनी वन्संचे मेल भराभर बंद करून टाकले.

भाऊबीजेला वन्सं रडतच आल्या. "वहिनी, सगळ्या सोडून गेल्या हो! आता मेल पाठवू कुणाला?"

"मला पाठवा की," कुमुद म्हणाली. "फक्त वर माझ्या आईचं नाव घाला."

आणि मग दया येऊन तिने वन्संना खरी कृती सांगितली.

बरं बाई, नाही सांगितली. तेवढी दया मी पदरची घातली.