तीन तासांचा रस्ता

"सहाला शोएब दारात असंल," नजीबनं जमातीच्या लोकांना सांगितलं. "तोवर थांबा. पोराला आईचं तोंड बघू दे."

त्याची बायको रशिदा पहाटेच गेली होती. मयत ताटकळत ठेवायची रीत नाही, त्यातून उन्हाळ्याचे दिवस. दुपारच्या नमाजनंतर उचलायचं असंच सगळ्यांच्या मनात होतं. पण तळोज्यात नजीबच्या शब्दाला वजन होतं. जन्मभर एस.टी.त कंट्रोलर म्हणून गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस. कुठली गाडी कुठं किती वाजता पोचेल ते तो कागद न बघता सांगायचा, आणि ते खरं निघायचं. दुबईहून शोएबचा फोन आला होता, एकचं विमान मिळालंय एवढं सांगून कटलेला. एकोणीसशे किलोमीटर, तीन तास. म्हणजे चारला सहार विमानतळ. सोबत सामान नाही, अर्ध्या तासात बाहेर. तिथून टॅक्सीनं दीड तास. सहा.

दुबई काय लांब नाही, रत्नागिरीला जायला याच्या तिप्पट वेळ लागतो, हे रशिदाचं पालुपद. सहा वर्षांपूर्वी शोएब तिकडं नोकरीला गेला त्याच आठवड्यात तिनं वाशीहून दुसरं घड्याळ आणून पहिल्याच्या शेजारी टांगलं आणि दीड तास मागं लावलं. पोराचा दिवस आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतो ना, म्हणून. त्यात बघून ती सांगायची, आता जेवला असेल, आता कामावरून सुटला असेल. ही अर्धी तळोज्यात राहते नि अर्धी दुबईत, म्हणून नजीब तिची चेष्टा करायचा. सहा वर्षांत त्यानं त्या घड्याळात एकदाही वेळ बघितली नव्हती.

सहा वाजले. नजीब नाक्यावर जाऊन उभा राहिला. सव्वासहा झाले. येणारी प्रत्येक टॅक्सी सरळ पुढं निघून जात होती. कुणी त्याला घाई केली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कबर दुपारपासून उघडी होती. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजच्या आत आटपायला हवं होतं. साडेसहाला तो पोरावरच्या रागात परत फिरला. सहा वर्षांत दोनदा येतो म्हणून आला नाही, आणि आज आईच्या वेळेलाही हेच.

"उचला," तो म्हणाला. "तो काय येत नाय आता."

कबरीत त्यानं तीन मुठी माती टाकली. शोएबच्या नावाची टाकली नाही.

मगरिब पढून तो घरी येऊन बसतो न बसतो तोच दारात टॅक्सी थांबली. शोएब चपलांसकट आत धावला, रिकामी खाट बघून तिथंच थबकला.

"लवकर आलास," नजीब म्हणाला. "अजून थोडा उशीर करायचा होतास."

"उशीर कुठं झाला, अब्बा? विमान बरोबर एकला सुटलं."

खोटं त्याच्या पदरात घालावं म्हणून नजीबनं भिंतीकडं बोट केलं. घड्याळात साडेसात झाले होते. शेजारी, रशिदाच्या घड्याळात, बरोबर सहा.