रविवारचं कुलूप

कुलूप लावून सुनंदाने ते दोनदा ओढून पाहिलं आणि मान खाली घालून चाळीचा जिना उतरली. ईस्टरचा रविवार होता. आत खाटेवर सासूबाई, रत्नप्रभाबाई, एकट्याच होत्या. नवऱ्याच्या, भीमराजच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी घरात तिसरं माणूस नाही. सासूला कोंडून ही बया चर्चमध्ये पेटी वाजवायला निघाली, असं सगळी चाळ म्हणत असणार, याबद्दल सुनंदाला शंका नव्हती.

शेजारच्या जानकीने विचारलंही होतं, "किल्ली माझ्याकडे दे ना गं. मी बसते त्यांच्यापाशी." मोडता रत्नप्रभाबाईंनीच घातला. "नको. कुलूप लाव आणि किल्ली घेऊन जा," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. सुनंदा काय ते समजली. राग गेलेला नव्हता.

जाणार तरी कसा? दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी उपासनेला निघायच्या घाईत तिने फरशी पुसली आणि ओली आहे हे सांगायला विसरली. सासूबाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. मुलुंडच्या त्याच चर्चच्या मंडळीत पहिल्या बाकावर बसून खणखणीत आवाजात गाणारी बाई खाटेला खिळली. त्यावरून त्या सुनेला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा गायल्याही नाहीत. आठवडाभर सुनंदा रविवारच्या चाली गुणगुणायची, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. कुठल्या गीतामागून कुठलं, एवढं मात्र न चुकता विचारून घ्यायच्या.

चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलं होतं. भल्या पहाटे बायका कबरेपाशी गेल्या, बघतात तर दारावरची धोंड सरकलेली आणि आत प्रभूचं शरीर नाही. तरी त्या रडत बसल्या नाहीत, आनंदाने पळत सुटल्या, असं ते सांगत होते. सुनंदाला ती धोंड काही केल्या दिसेना. दिसत होतं ते आपलंच कुलूप. पदराच्या गाठीतली किल्ली मुठीत धरून ती घामाघूम झाली. पुरे झालं. आजपासून पेटी बंद. शेवटचं गीत अजून व्हायचं होतं, पण तिला राहवेना. तिने पेटीवर झाकण ठेवलं आणि भर उपासनेतून उठली. पाळकसाहेब बोलता बोलता अडखळले.

रेल्वेचा पूल तिने जवळजवळ धावतच ओलांडला. गॅलरीत पोहोचली तर कुलपासमोर जानकी तांदूळ निवडत बसलेली. काही विचारायच्या आत जानकीने ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल. शेवटचं चाललंय."

"काय चाललंय?"

"दर रविवारी असतं की गं! तुला ठाऊक नाही?"

बंद दारामागून गाणं येत होतं. तोच खणखणीत आवाज. ईस्टरचं शेवटचं गीत, सुनंदाने आठवडाभर गुणगुणलेलं. एक कडवं संपलं, आवाज थांबला. पेटीची सुरावट वाजून व्हावी इतकाच वेळ थांबला, आणि पुढचं कडवं सुरू झालं.

सुनंदाने गाठीतली किल्ली काढून फिरवली. कुलूप निघालं. रत्नप्रभाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावर पदर नीट घेतलेला, डोळे मिटलेले, बोटांनी खाटेच्या कडेवर ठेका धरलेला. इतका आनंद सुनंदाने त्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पाहिला नव्हता. ती खाटेपाशी कोसळलीच.

"आई, माझ्यामुळे झालं हे सगळं. मी पेटी सोडते. आता रविवारी तुमच्यापाशीच बसेन."

गाणं तुटलं. रत्नप्रभाबाईंनी डोळे उघडले आणि सुनेला बघून त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

"अगं, तू इथे? मग तिकडे पेटीवर कोण आहे?"

सुनंदाने हातातल्या कुलपाकडे पाहिलं.

"जा बाई, कुलूप लाव आणि पळ आधी! तुझ्या साथीशिवाय शेवटचं कडवं म्हणू कशी मी?"