बाजारातले बटाटे

निवृत्त पोस्टमास्तरांनी परसात लाल सालीचे बटाटे लावले आणि बायकोला बजावलं, “पानं पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही.” तिला कुठला धीर? ते फिरायला गेले, की ती रोपाखालची माती चाचपून चार बटाटे काढायची आणि माती पुन्हा थापटायची. वर रोप आपलं साळसूदपणे डोलत असायचं. उकडून, सोलून लोणी लावलेले बटाटे ते मिटक्या मारत खायचे. “बाजारातले,” ती सांगायची. अखेर त्यांनी रोपं उपटली. खाली निघाल्या गोट्यांएवढ्या सात गाठी. “माझ्या हाताला यश नाही बघ,” म्हणत त्यांनी चपला चढवल्या. “त्या बाजारवाल्याकडे घेऊन चल मला. शिकायला लाज कसली?” बायकोने मातकट नखं मुठीत लपवली. “चपला काढा,” ती खाली मान घालून म्हणाली. “ते बटाटे पिकवणारा घरातच आहे.”