पंधरा लाख किलोमीटरचा वळसा

"पुन्हा सांग. इंधन किती उरलंय?" अण्णांनी चष्मा पुसत विचारलं.

"लागतं त्याच्या निम्मं," लेक म्हणाली. "रॉकेटने यान ठरल्यापेक्षा खालीच सोडलं. वर चढवण्यातच बाकीचं संपलं."

लेक अंतराळ केंद्रात यानांचे मार्ग आखायची. अण्णा तिथूनच, त्याच कामातून निवृत्त झाले होते. चूक दिसली की ते वरिष्ठांनाही झापायचे. तोंडभर कौतुक मात्र त्यांनी कधी कुणाचं केलं नव्हतं, घरातसुद्धा.

उद्या सकाळी बैठक होती. यान चंद्राकडे न्यायचं की सोडून द्यायचं, ते तिथे ठरणार होतं.

तिने घड्या घालून मऊ पडलेला कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. अण्णा ओणवे झाले.

"हे तर चंद्राला सोडून भलतीकडेच चाललंय."

"पंधरा लाख किलोमीटर लांब. तिथे सूर्याची ओढ कामी येते."

अण्णांची पेन्सिल रेषेवरून हळूहळू सरकली. मध्येच थांबली. मग पुढे गेली.

"म्हणजे सूर्यच याला वळवणार. आणि परत येताना हे चंद्राच्याच चालीने त्याच्याजवळ पोचणार. मग जोरात ब्रेक मारायचा प्रश्नच नाही. चंद्र आपणहून धरून ठेवेल." त्यांनी मान वर केली. "काय डोकं चाललंय! थेंबभर इंधन वाया नाही."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली.

"पण चार महिने लागतील," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, पाच दिवसांच्या प्रवासाला चार महिने ही थट्टा आहे."

"त्यांना म्हणावं, घाई असेल तर इंधन आणून द्या." अण्णा पुन्हा कागदाकडे वळले. "फक्त निघायचा दिवस बघ. कडेला तू लिहिलेल्या या तारखेला ओढ तिरकी पडेल आणि चंद्र हुकेल. दोन दिवस थांबा."

रात्री तिने सगळं गणित पुन्हा करून पाहिलं. अण्णांचं बरोबर होतं.

बैठकीत साहेबांनी तिला दोन तास उभं-आडवं घेतलं. ती हटली नाही. शेवटी त्यांनी सही केली, पण मान हलवतच.

चार महिन्यांनी, एका दुपारी, चंद्राने यान अलगद धरलं. केंद्रात लोक उभे राहिले. साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

ती तडक घरी आली. अण्णा खिडकीपाशी बसले होते. तिने त्यांच्या पुढ्यात तोच मऊ पडलेला कागद पसरला.

अण्णांनी सबंध रेषेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"वा! असलं काही मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. कुणी काढलंय हे? मला भेटव त्या माणसाला."

"तुम्हीच, अण्णा. वीस वर्षांपूर्वी," लेक म्हणाली, रोज सांगायची तसंच.