वाऱ्यातला हिस्सा

"पातं फिरत का नाहीये?" बँकवाल्या काकांनी विचारलं.

टेकडीवर वारा असा होता की बेकरीवाल्याने टोपी काढून खिशात कोंबली होती. शिवणवाल्या ताईंना केस आवरता आवरत नव्हते. आणि पवनचक्की मात्र ढिम्म.

"आज तेलपाणी चाललंय," कंपनीची इंजिनियर म्हणाली. "संध्याकाळी सुरू करू."

"नेमकं आजच?" काका हसले. "बरं, बरं."

या पवनचक्कीतले काही हिस्से कंपनीने त्यांच्या गल्लीसाठी राखून ठेवले होते. घरटी एक हिस्सा. वीज विकली जाईल तसा नफा घरी येणार. ताईंनी मनातल्या मनात हिशेब केला होता. डोळे साथ देईनासे झाले होते. सुईत दोरा ओवायला आता शेजारणीला हाक मारावी लागायची. मशीन बंद झाल्यावर घरात काहीतरी येत राहायला हवं होतं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. गल्लीत कुणीही त्यांना विचारल्याशिवाय कशावर सही करत नसे.

परतताना जीपमध्ये ताईंनी विषय काढलाच. "काका, घेऊ का मग?"

"मी कशाला नको म्हणू? पैसा तुझा." काका खिडकीबाहेर बघत राहिले. "फक्त एवढाच विचार कर, धंदा इतका फायद्याचा असेल तर ते आपल्याला कशाला बोलावतायत?"

"खरंच की!" बेकरीवाला म्हणाला.

सभागृहात कंपनीने बैठक घेतली. काका पहिल्याच रांगेत बसले.

"वारा पडला तर?"

"वीज कमी, नफा कमी," इंजिनियर म्हणाली. "आम्ही ते लपवत नाही."

"म्हणजे हमी नाही."

"वाऱ्याची हमी कोण देणार, काका?"

काकांनी नुसतं मागे वळून लोकांकडे पाहिलं. हशा पिकला. इंजिनियरचे कान लाल झाले. ती पुढे बराच वेळ बोलत होती, पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

तरी ताईंच्या डोक्यातून ते जाईना. हिस्से घ्यायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्या पिशवी घट्ट धरून कंपनीच्या ऑफिसकडे निघाल्या. कोपऱ्यावरच्या बाकावर काका पेपर वाचत होते.

"निघालीस का? जा, जा. मी काही म्हणत नाही."

ताई दोन पावलं पुढे गेल्या.

"मागे ती भिशीवाली पळाली ना," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तीही अशीच गोड बोलायची, नाही गं?"

ताई थांबल्या. त्या भिशीने त्यांची झोप उडवली होती. त्या मागे वळल्या.

काका त्यांना दारापर्यंत सोडायला आले. "शहाणी आहेस," ते म्हणाले. ताईंना भरून आलं. आपल्या माणसासारखं कुणीतरी लक्ष ठेवतं, हे काय कमी होतं? त्यांनी काकांच्या सदऱ्याची उसवलेली कॉलर त्याच संध्याकाळी शिवून दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर ऑफिसच्या भिंतीवरची पोस्टरं उतरवत होती. दारात काका उभे दिसले तशी तिने हातातली गुंडाळी टेबलावर टाकली.

"आता काय राहिलंय, काका? तुमच्या गल्लीतून एक माणूस फिरकला नाही. झालं ना मनासारखं?"

"मुदत संपली का?"

"काल संपली. आता घरटी एकची अटही नाही. कुणीही यावं, हवे तेवढे घ्यावेत." ती कडवट हसली. "पण तुम्ही सगळ्यांच्या मनात एवढी शंका भरल्यावर येणार कोण?"

काकांनी खुर्ची ओढली, निवांत बसले आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"गल्लीच्या वाट्याचे सगळे हिस्से माझ्या नावावर करा," ते म्हणाले.